जुनाट कंबरदुखी : मानसोपचाराच्या जोडीला मालिश की फिजिओ?

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलंय, एमआरआय बघून ‘ऑपरेशनची गरज नाही’ असं सांगितलंय आणि सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) सुरू करायचं जवळपास ठरलंय, अशांसाठी हे. प्रश्न एवढाच उरतो की जोडीला हाताचा उपचार कोणाकडून घ्यायचा: घरी येणाऱ्या मालिशवाल्याकडून की फिजिओथेरपिस्टकडून?

मालिशची बाजू लंगडी नाही. कोमट तेल, पाऊणएक तास, संथ हात. त्या रात्री झोप हमखास बरी लागते. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हलक्या हाताला सर्वांत जास्त दाद देणारे तंतू त्वचेत असतात, त्यामुळे बरं वाटायला अंगठे रुतवून ‘गाठी फोडायची’ गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांतही मालिशला जागा आहे.

मग अडतं कुठे? मालिश करता करता चालणाऱ्या बोलण्यापाशी. ‘मणका सरकलाय बघा.’ ‘शीर धरलीय.’ ‘आता महिनाभर वाकायचं नाव काढू नका.’ हेतू वाईट नसतो, पण सीबीटीची पहिली कित्येक सत्रं नेमकी हीच समजूत सैल करण्यात जातात: दुखलं म्हणजे आत काहीतरी मोडलं. ‘वाकलो तर मणका सटकेल’ हे किती खरं वाटतं, याला वहीत शंभरपैकी आकडा द्यायचा असतो. आठवड्यागणिक उतरत आलेला तो आकडा एका मालिशीनंतर पुन्हा चढतो. माणूस चप्पल उचलायलाही गुडघ्यावर बसू लागतो आणि ये रे माझ्या मागल्या.

फिजिओही ‘गादी सरकलीय’ म्हणतात, नाही असं नाही. पण त्यांच्याशी भाषा आधी ठरवता येते, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दाखवता येते. पहिल्याच भेटीत विचारावं: ‘मी वाकायला लागावं यासाठी तुम्ही काय कराल?’ उत्तरात फक्त मशीन आणि पट्टा आला तर दुसरीकडे जावं.

दुसरा फरक वेळेचा. हाताने आलेला सैलपणा काही तासच टिकतो. फिजिओकडे दहा-पंधरा मिनिटं हात चालला की लगेच जिची भीती वाटते ती हालचाल करून घेता येते: आधी स्टुलावरची वस्तू उचलायची, मग जमिनीवरची, मग अर्धी भरलेली बादली. मालिशीनंतर मात्र गरम पाण्याची आंघोळ आणि आडवं होणं, म्हणजे ती सवलत झोपेत जाते. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६मध्ये हाताचे उपचार सुटे न देता व्यायामाला जोडूनच द्यावेत असं सांगितलं, ते मला पटतं. बसण्याची वेळही अशीच टप्प्याटप्प्याने वाढवायची: पाच दिवस किती मिनिटं बसवतं ते लिहा, सरासरीच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करा. सरासरी २० मिनिटं असेल तर १६ला उठायचं, बरं वाटत असलं तरी. दर आठवड्याला दीड-दोन मिनिटं वाढवायची.

तेव्हा माझं झुकतं माप फिजिओला. अर्थात घराबाहेर पडणंच कठीण असेल, किंवा मुख्य तक्रार झोपेची असेल, तर मालिश नाकारू नये. फक्त अटी घालाव्यात. वार ठरलेला हवा, दुखो वा न दुखो. कंबर धरली की बोलवायचं ठेवलं तर दुखणं आणि लाड यांची गाठ पक्की होते. दाब दहापैकी चारच्या वर नको. मणक्याबद्दल चकार शब्द नको. आंघोळीनंतर झोपण्याआधी दहा मिनिटं चालणं. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा ठिसूळ हाडं असतील तर खोल दाब अजिबात नाही, आणि एकाच पायाला सूज असेल तर आधी डॉक्टर. स्पर्शाचीच धास्ती असेल तर तेही तज्ज्ञांना आधी सांगावं. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मालिश आणि फिजिओ दोन्ही सोडून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.