हसायचं काय होतं त्यात? स्थळ, दशावतार आणि साबर बोंडं बघून आल्यावर

2025 मधे तीन मराठी पिक्चर थेटरात जाऊन बघितले, मार्चमधे स्थळ आणि सप्टेंबरमधे लागोपाठच्या आठवड्यात दशावतार आणि साबर बोंडं. तिन्ही एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत, एक चंद्रपूरकडचा, एक सिंधुदुर्गातला, एक नगरकडच्या खेड्यातला, पण माझ्या डोक्यात ते एकत्रच बसलेत आणि त्याचं कारण आहे आईनं थेटरात विचारलेला एक प्रश्न, तो पुढे सांगते.

मी हिंगणघाटची. पुण्यात 11 वर्षं झाली. इथे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी माझं बोलणं बदलून टाकलं, कारण "काऊन", म्हणजे का, म्हटलं की लोक हसायचे, "करून राहिली" म्हटलं की परत म्हणायला लावायचे, पुन्हा म्हण ना किती गोड वाटतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण रोज रोज गोड वाटून घ्यायचा कंटाळा येतो हो. पिक्चरमधेही आमची वऱ्हाडी कुठे ऐकू यायची तर एखादा विनोदी गडी नाहीतर मारामारी करणारा दोस्त, हिरो-हिरॉईन कुठलेही असोत प्रेमात पडले की पुण्याचंच बोलणार. मालवणीचं थोडं बरं म्हणायचं, मच्छिंद्र कांबळींनी वस्त्रहरण नाटक पार लंडनपर्यंत नेलं, पण तिथेही लोक हसायलाच जायचे ना. एखादा माणूस आपल्या बोलीत गप्प बसतोय, रडतोय, हिशोब करतोय, असं पडद्यावर मी फार कमी बघितलंय.

स्थळ बघायला आईला घेऊन गेले. ती तेव्हा महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. 7 मार्चला लागला आणि दुसऱ्याच दिवशी महिला दिन, म्हणून मला वाटलं शो भरपूर असतील, तर आमच्या भागात दोनच, एक सकाळी साडेनऊचा आणि एक रात्री पावणेअकराचा. सकाळचा बघितला, आईनं पोळीभाजीचा डबा सुद्धा बांधून घेतला होता.

गोष्ट चार ओळींची आहे. सविता नावाची कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात शिकते, तिला एमपीएससी द्यायचीय, आणि घरी स्थळं येतात. येतात म्हणजे येतच राहतात. दिग्दर्शक जयंत सोमलकर त्याच भागातले, शूटिंग चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, आणि पडद्यावरची माणसंही तिथलीच, ज्यांनी आधी कधी कॅमेऱ्यापुढे काम केलं नव्हतं. 2023 मधे टोरंटोच्या फेस्टिव्हलमधे आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, मग आपल्याकडे लागायला दीड वर्ष.

सुरवातच अशी आहे की मुलीकडच्या बायका रांगेत बसल्यात आणि मुलगा ट्रे घेऊन बाहेर येतो, त्याला स्टुलावर बसवतात आणि प्रश्न विचारतात, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. ते सविताचं स्वप्न असतं. थेटर हसलं, मी हसले, आई पण हसली, तिथे हसायचंच आहे. पण मग खरं स्थळ येतं, सविता त्याच स्टुलावर बसते, मान खाली, आणि तेच प्रश्न. तरी आमच्या मागच्या दोन रांगा हसत होत्या. सविताचे वडील कापसाच्या भावाबद्दल बोलले, हसल्या. सविताची आई काही म्हणाली, हसल्या. पाहुण्यांनी पोरीला शेतीची कामं जमतात का विचारलं, तिथेही. बोली ऐकली की हसायचं अशी सवयच झालीय. तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, "काऊन हसून राह्यले वं हे? ह्यात हसासारखं काय हाये?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, पुढे बघ.

आणि पुढे पिक्चरनंच उत्तर दिलं. तो बघायचा कार्यक्रम पुन्हा होतो. मग पुन्हा. तोच स्टूल, तेच पोहे, तोच चहा, तसेच ओळीनं बसलेले पुरुष, कॅमेरा तसाच समोर गप्प उभा, प्रश्नांचा क्रमसुद्धा बदलत नाही. दुसऱ्या वेळी हसणं कमी झालं, त्यानंतर एकच जण हसला आणि थांबला, आणि मग थेटरात कुणी हललं पण नाही. मला आयुष्यात कुठल्या पिक्चरमधे दिग्दर्शकानं लोकांना असं गप्प केलेलं आठवत नाही, ना भाषण ना म्युझिक, नुसतं तेच तेच दाखवून. एकदा बघितलं तर तो रिवाज वाटतो, चार वेळा बघितलं की अंगावर येतं. ज्यांना हे रिपीट वाटलं, बोअर झालं असं म्हणणारे मला भेटले, त्यांना मी एवढंच सांगते की माझी मामेबहीण 14 वेळा स्टुलावर बसली. 14 वेळा. रंग सावळा हे एकच कारण, आणि ते कुणी तोंडावर कधीच सांगितलं नाही, नंतर कळवतो म्हणायचे. पिक्चरमधेही हेच आहे, नकार येतो तो फोनवर किंवा मधल्या माणसाकडून, पोरीला तो थेट कुणी सांगतच नाही, तिला घरातल्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

नंदिनी चिकटेनं सविताचं काम केलंय. तिला संवाद फारच कमी आहेत. पण तिचे डोळे बघा, पाहुणे यायच्या आधी साडीला पिन लावताना एक आणि ते गेल्यावर कपबशा उचलताना एक. कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला महिला सक्षमीकरण शिकवतात आणि ती खरंच मन लावून ऐकत असते, आणि घरी येते तर काय चाललंय. हे दोन्ही शेजारी ठेवलंय, त्यावर कुणी काही बोलत नाही. वडिलांचं कामही मला फार आवडलं कारण ते वाईट बाप नाहीत. कापसाला भाव नाही आणि हुंड्याचे पैसे लागणार, हा माणूस रात्री बसून बेरीज करतो आणि ती जमत नाही. आमच्या हिंगणघाटच्या बाजारात कापूस आणणारे असे शंभर बाप मी बघितलेत, गाडीवर बसून दिवसभर भावाची वाट बघणारे.

काय नाही आवडलं तर सविताच्या भावाची लव्हस्टोरी मला जरा घाईत उरकल्यासारखी वाटली, आणि मधे 15-20 मिनिटं पिक्चर जागेवरच फिरतो. शेवट सांगणार नाही. पण शेवटच्या शॉटला आईनं माझा हात धरला तो लाईट लागेपर्यंत सोडला नाही.

आता दशावतार. 12 सप्टेंबरच्या शुक्रवारी एकदम तीन मराठी पिक्चर लागले, त्यातला हा, आणि मी गेले तेव्हा हाऊसफुल. मराठी पिक्चरला हाऊसफुलची पाटी बघून जे वाटतं ते शब्दात सांगता येत नाही, मी फोटो काढला त्या पाटीचा. सोबत माझी जुनी रूममेट होती, ती कुडाळची, तिच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, होतो. तिनं आधीच मला बरंच समजावलं होतं, की यात लिहिलेले संवाद नसतात, आख्यान काय ते ठरलेलं असतं आणि बाकी नट उभ्या उभ्या बोलतात, बायकांची कामं पुरुषच करतात, पेटी-मृदंग-झांज एवढंच वाद्य, आणि रात्री सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालतं. मेकअप ज्याचा त्यानं करायचा. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी जाण्याआधी कुणा कोकणातल्या माणसाला विचारून जा, पिक्चर दुप्पट कळतो.

दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री झालेत, म्हातारा दशावतारी कलाकार, डोळे अधू झालेत पण रंग लावायचं सुटत नाही. मुलाला वाटतं बाबांनी आता थांबावं. पिक्चर लागला तेव्हा प्रभावळकर 81 वर्षांचे होते. ज्या माणसाला मी टिपरेंचे आबा म्हणून घरात बघत मोठी झाले, तात्या विंचूच्या भूमिकेत ज्याला घाबरले, तो माणूस इथे आरशासमोर बसून चेहऱ्याला रंग लावतो आणि हळूहळू पाठ सरळ होत जाते, मान वर येते, आवाज बदलतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी तिकिटाचे पैसे वसूल आहेत. बाप आणि मुलगा यांच्यातलं प्रेम पण किती साधं, एकमेकांना जेवायला वाढणं, औषध घेतलं का विचारणं, आणि सगळं मालवणीत. रूममेट माझ्या कानात शब्दांचे अर्थ सांगायची, पण खरं तर गरज पडली नाही, पाचव्या मिनिटाला कान सरावतो.

इंटरव्हलनंतर मात्र पिक्चर बदलतो. जंगलात खाण आणणाऱ्यांविरुद्धची गोष्ट सुरू होते, विषय महत्त्वाचा आहे, सिंधुदुर्गात खाणींवरून लोक वर्षानुवर्षं भांडतायत, तो मोठ्या कमर्शियल पिक्चरमधे आणला याबद्दल दिग्दर्शक सुबोध खानोलकरांचं मनापासून कौतुक. पण मांडणी फार मोठ्यानं होते. पार्श्वसंगीत थांबतच नाही. व्हिलन लोक आपण व्हिलन आहोत हे प्रत्येक वाक्यात सांगतात. पहिल्या अर्ध्या भागात ज्या माणसाची नजर अंधुक म्हणून आपण काळजीत होतो त्याच्याकडून नंतर जे काय काय होतं ते मला पचलं नाही. रूममेटला पचलं, तिचं म्हणणं की दशावतारात देव अंगात आल्यासारखा नट खेळतो, तिथे म्हातारा तरुण होतोच, ते तुला जत्रेत बसल्याशिवाय कळणार नाही. आम्ही रिक्षात घरापर्यंत भांडलो. ती बरोबर असेल. मला तरी पहिला अर्धा तास पुन्हा पुन्हा बघायचाय.

त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, 19 तारखेला, साबर बोंडं. एकटी गेले. थेटरात मी धरून 11 माणसं.

रोहन कानवडेंचा हा पहिलाच मोठा पिक्चर, आणि 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमा विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार याला मिळाला. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील गेल्यावर आईसोबत गावी येतो, दहा दिवस सुतक पाळायचं, अनवाणी राहायचं, खाण्यापिण्याची बंधनं, आणि नातेवाईकांचा एकच घोषा की लग्न कधी. आणि तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे ही. दिग्दर्शकाचे स्वतःचे वडील गेले तेव्हा त्यांनी गावी जे दहा दिवस काढले त्यातून सुचलेली, आणि ते जाणवतं, कारण सुतकाच्या घरातल्या बारीक गोष्टी अशा कुणी बसून सुचवू शकत नाही. माणूस गेल्याचं दुःख आणि त्यातच कोण कुठे झोपणार, पिठलं कुणी करायचं, कोण कधी परत जाणार, हे सगळं एकाच खोलीत.

यात पार्श्वसंगीत नाहीच. एकही सूर नाही. शेळ्यांचे आवाज, वारा, भांडी, लांबून कुणाची तरी हाक. दशावतारच्या नंतर आठवड्याभरात बघितल्यामुळे मला हे जास्तच जाणवलं. पहिली 20 मिनिटं जड गेली, खरं सांगते, कॅमेरा लांब उभा असतो आणि नातेवाइकांमधे कोण कोणाचं कोण ते लागत नाही. दोन पोरं उठून गेली. पण एक सत्तरीचं जोडपं होतं ते शेवटपर्यंत बसलं.

आई. या पिक्चरमधली आई मी विसरणार नाही. जयश्री जगतापनं केलंय ते काम. तिला मुलाबद्दल सगळं माहितीय आणि ती त्याचा मोठा इश्यू करत नाही, ती फक्त नातेवाइकांना तोंड देते, मुलाच्या आणि त्यांच्या मधे उभी राहते, तेही स्वतःचा नवरा गेलेला असताना. शिकलेली नाही, इंग्रजी शब्द एक येत नाही, जे म्हणायचं ते नगरकडच्या आपल्या बोलीत म्हणते. शहरातल्या लोकांना वाटतं असल्या गोष्टी समजायला इंग्रजी पुस्तकं वाचावी लागतात. आणि बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची ती लाल बोंडं आणतो, काटे काढून द्यावी लागतात ती, नाहीतर बोटात बारीक कुसळं शिरतात आणि दोन दिवस निघत नाहीत. आय लव्ह यू कुठेच नाही. आमच्याकडेही कुणी म्हणत नाही, फळ सोलून देतात.

इथे कुणीच हसलं नाही बोलीला. 11 माणसांत तरी नाही.

तिन्ही बघा, आणि असे पिक्चर लागतात तेव्हाच बघत जा, कारण स्थळ आमच्याकडून दुसऱ्या आठवड्यात उतरला आणि साबर बोंडंचा शो शोधायला मला 14 किलोमीटर जावं लागलं. साबर बोंडं आईला दाखवायचाय, दिवाळीत लॅपटॉपवर दाखवीन म्हणत होते पण राहून गेलं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा शेजारच्या काकूंच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. पोहे नेहमी आईच करून देते त्यांना, तिच्या हातचे चांगले होतात. या वेळी पोहे झाल्यावर ती घरी आली नाही. आत गेली आणि पोरीच्या स्टुलाजवळ खाली सतरंजीवर बसली, पाहुणे उठेपर्यंत. काय बोललीस म्हणून मी नंतर विचारलं तं म्हणे, "काही नाही वं. नुसती बसली."