लॉख डर्गचं तीन दिवसांचं प्रायश्चित्त: जाण्याआधी हे वाचा

आयर्लंडमध्ये नर्सिंगला आलेल्या वसईच्या मुली मला नेहमी विचारतात, लॉख डर्ग तळ्यातल्या बेटावरच्या कॅथलिक तीर्थयात्रेला जावं का? जावं, असंच मी सांगते. फक्त कशासाठी जातोय हे मनाशी पक्कं करून जावं. ट्रेक किंवा डाएट म्हणून जाणारीला तिथे दुसऱ्या तासालाच कंटाळा येईल.

डोनेगल काउंटीत, पेटिगो गावाजवळच्या या तळ्यात स्टेशन आयलंड नावाचं छोटं बेट आहे. तीन दिवसांची यात्रा १ जून ते १५ ऑगस्ट या काळातच असते आणि वयाची पंधरा वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. आदल्या मध्यरात्रीपासून उपवास सुरू होतो. बोटीने पोहोचलात की बूट-मोजे काढायचे, ते तिसऱ्या दिवशी निघतानाच पुन्हा घालायचे. फोन न्यायचा नाही. बोट, दुसऱ्या रात्रीची डॉर्मिटरीतली खाट आणि जे काही जेवण मिळतं ते, सगळं शुल्कात येतं. जेवण दिवसातून एकदाच: कोरडा टोस्ट, ओट्सची बिस्किटं, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी. गरम पाण्यात मीठ-मिरी घालून पितात, त्याला तिथले लोक ‘लॉख डर्ग सूप’ म्हणतात. पहाटे थंडीत ते खरोखर चांगलं लागतं.

मुख्य गोष्ट म्हणजे स्टेशनं. प्रार्थनेच्या एका पूर्ण फेरीला इथे स्टेशन म्हणतात आणि अशी नऊ करायची असतात. आधी बॅसिलिकात, म्हणजे बेटावरच्या मोठ्या चर्चमध्ये जायचं, मग संत पॅट्रिकच्या क्रुसापाशी, मग संत ब्रिजिडच्या. ब्रिजिडच्या क्रुसाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, जग, देह आणि सैतान यांचा त्याग करते असं तीनदा म्हणायचं. नंतर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत बॅसिलिकाला चार प्रदक्षिणा. त्यानंतर ‘बेड्स’, म्हणजे दगडांची बुटकी वर्तुळं. जुन्या संन्याशांच्या कोठड्यांचे ते अवशेष मानले जातात. ब्रिजिड, ब्रेंडन, कोलंबा अशी संतांची नावं त्यांना आहेत. प्रत्येक वर्तुळाच्या बाहेरून तीन फेऱ्या, दाराशी गुडघे टेकून प्रार्थना, आतून तीन फेऱ्या, मधल्या क्रुसापाशी पुन्हा गुडघे. दर टप्प्याला तीन ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, तीन ‘नमो मारिया’ आणि एक विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना. दगड अणकुचीदार, त्यात पाऊस, पावसानंतर चिलटं. मी सगळं मराठीत म्हटलं. आजूबाजूला इंग्रजी पुटपुटणं चालू असतं, आपल्या भाषेकडे कुणाचंही लक्ष नसतं.

पहिली रात्र जागून काढायची. चार स्टेशनं रात्रभरात बॅसिलिकाच्या आत होतात, एक जण मोठ्याने प्रार्थना म्हणतो आणि सगळे त्याच्यामागे म्हणतात. शेजारी बसलेलीला डुलकी लागली तर तिला जागं करणं हे तुमचंच काम. रात्रपाळीची सवय असूनही पहाटे चारला मला उभं राहणं जड गेलं. रात्रपाळीत हाताला काम असतं, इथे फक्त आपण आणि आपलं मन.

आणि कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपाशी पापांची कबुली, येतं ते यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी. या क्रमासाठीच मी या जागेला पूर्ण गुण देते. आपल्याकडे नाताळच्या किंवा ईस्टरच्या आधी कन्फेशनला लांब रांग असते. घाईत पापं सांगायची, फादर प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया देतात, मागच्या बाकावर दोन मिनिटांत ते उरकायचं आणि घरी जायचं. संस्कार म्हणून त्यात काहीही उणं नाही. पापक्षमा प्रायश्चित्ताने विकत मिळत नाही, ती देवाची देणगी आहे. पण क्षमा झाली तरी पापाने झालेली मोडतोड तशीच असते, म्हणून चोरलेलं परत करावं, कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते सावरावं, असं चर्च शिकवतं. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त ज्याचं त्याने स्वतःच पुरं करायचं असतं. लॉख डर्गला ते पुरं करायला वेळ आणि जागा मिळते. मला फादरांनी सांगितलं, एका व्यक्तीचं नाव मनात धरून पुढचं स्टेशन तिच्यासाठी कर. आठवं स्टेशन कन्फेशननंतरच असतं. त्या सगळ्या फेऱ्यांमध्ये ते एक नाव धरून चालणं दगडांपेक्षा अवघड होतं, आणि ते झाल्यावर मन खरोखर हलकं झालं.

ही प्रथा आयर्लंडमध्ये टिकावी हे मला फार योग्य वाटतं. पूर्वी गंभीर पापांचं प्रायश्चित्त मंडळीसमोर, वर्षानुवर्षं चालायचं. धर्मगुरूपाशी एकट्याने, पुन्हा पुन्हा करता येणारं कन्फेशन सातव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवर नेलं ते आयरिश संन्याशांनी. आज वसईत नंदाखालच्या किंवा पापडीच्या चर्चमध्ये आपण जे करतो, त्याचं मूळ या लोकांपर्यंत पोहोचतं.

एक मात्र समजून घ्या. बेटावरचं प्रायश्चित्त आपण स्वखुशीने घेतलेलं असतं. आधीच्या कन्फेशनचं राहिलेलं प्रायश्चित्त असेल तर ते वेगळं करा, नऊ स्टेशनांत ते आपोआप जमा होत नाही. मधुमेह असेल, गुडघे दुखत असतील, गरोदर असाल तर ही यात्रा नको. एक दिवसाची रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-मननाचा दिवस, असते, तिथे बूट काढावे लागत नाहीत आणि उपवासही नसतो. त्यात कमीपणा मानू नका.

डब्लिनहून जाणाऱ्यांनी रस्ता आधी बघा. जवळचा रस्ता एनिसकिलनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून जातो आणि भारतीय पासपोर्टवर तिथे ब्रिटनचा व्हिसा लागतो. स्लायगो, बॅलिशॅनन, लाही असं फिरून पेटिगोला या. वेळ जास्त लागतो, पण सीमा ओलांडावी लागत नाही. सामानात रेनकोट, गरम कपड्यांचे दोन जोड, चिलटांचं मलम आणि रोझरी, बस. खाऊ नेऊ नका. घ्यायला येणाऱ्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा की उपवास तिसऱ्या दिवशीही मध्यरात्रीपर्यंत चालतो, नाहीतर ते प्रेमाने बिर्याणी घेऊन उभे राहतील.