एक आदण उतरेपर्यंत: पन्हाळा रस्त्यावरच्या गुऱ्हाळावर नाताळची सुट्टी

25 डिसेंबरला आमच्या घरात कुणाला टेकायला मिळत नाही. सकाळी कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चमधली उपासना, मग फराळाची ताटं घेऊन शाहूपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत घरोघर, संध्याकाळी पाहुणे. लेक-जावई आणि नातवंडं बेंगळुरूहून चारच दिवसांसाठी येतात आणि धड बोलणं होत नाही. म्हणून यंदा 26 तारखेला सगळे पन्हाळ्याच्या रस्त्यालगतच्या एका गुऱ्हाळावर गेलो.

रस पिऊन अर्ध्या तासात निघू, असं जावयांचं म्हणणं होतं. गुळव्या, म्हणजे गूळ करणारे कारागीर, हसले. "एक आदण उतरायला अडीच-तीन तास लागतात. घाई केली की गूळ कच्चा राहतोय. बसा की निवांत." आदण म्हणजे काहिलीत, त्या मोठ्या कढईत, एका वेळी शिजणारा रस. बसलो, आणि तेच बरं झालं.

चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं पडत होती, काहिलीत रस उकळत होता. त्यात रानभेंडीचं पाणी पडलं तशी मळी वर आली आणि झाऱ्यानं काढून टाकली. नात विचारायची, आमचे हे सांगायचे. अडतीवर तीस वर्षं गुळाचे हिशेब लिहिलेला माणूस, पण घरात त्यावर कधी अवाक्षर नाही. इथं मात्र त्यांनी नातीला गूळ पारखायला शिकवलं: फार पिवळाधमक दिसला तर हायड्रॉस, म्हणजे रंग उजळायची पावडर, मारलाय का ते आधी विचारायचं, तांबूस रंगाला नाक मुरडायचं नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की मी बघतच राहिले.

लेक माझ्याशेजारी चिपाडाच्या ढिगाला टेकून शेंगा सोलत होती. नोकरी सोडायचं तिच्या मनात आहे, हे मला तिथं कळलं. रोज फोन होतो आमचा, तरी. मी काही सल्ला दिला नाही, तिनं मागितलाही नाही. निखाऱ्यातलं रताळं दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं.

शेवटी गुळव्यांनी पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघितली आणि काहील गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली. गरम गुळात शेंगदाणे घालून पोरांच्या हातावर ठेवले. ती चव दुकानातल्या चिक्कीला येत नाही.

रस आलं-लिंबू घातलेला, ताजा, उत्तम. बसायला पैसे नाहीत, जे घ्याल त्याचेच. उणीव म्हणाल तर स्वच्छतागृह नाही, म्हाताऱ्या माणसांनी हे लक्षात ठेवूनच जावं. वारा फिरला की धूर डोळ्यांत जातो. काहिलीला कठडा नाही, त्यामुळे लहान मुलाचा हात एक क्षण सोडायचा नाही. सकाळी नऊच्या आत पोचा, म्हणजे पहिलं आदण चढताना बघायला मिळतं.

गुळाचा पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप, आणि काकवीच्या दोन बाटल्या घेतल्या. एक बाटली लेकीनं कपड्यांत गुंडाळून बेंगळुरूला नेली.