डुक्कर फियाट, पद्मिनी की मारुती ८००? एकच पार्किंग असणाऱ्याने काय घ्यावं

माझ्या मावसभावाचा मुलगा भांडुपला राहतो. नवी इमारत, स्टिल्टमध्ये एक पार्किंग, तिथे सध्या स्कूटर उभी. त्याला जुनी गाडी हवी आहे. रोज ऑफिसला न्यायला नाही, हौसेला. गेल्या महिन्यात त्याने मला तीन फोटो पाठवले. एक १९५०च्या दशकातली डुक्कर फियाट, एक १९८६ची प्रीमियर पद्मिनी आणि एक १९८७ची मारुती ८००. खाली प्रश्न: "काका, तिसरी घेतली तर लोक हसतील का?"

हसतील की. पण हसणाऱ्यांकडे आपल्याला पार्किंग मागायला जायचं नाही.

माझ्याकडे स्वतःची १९८४ची पद्मिनी आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही मी त्याला तिसरी घे म्हणालो. तुम्हीही अशाच पेचात असाल तर तिघींचा हिशेब खाली मांडतो.

आधी वयाचा घोळ

"मारुती कसली अँटिक?" असं म्हणणाऱ्याला विचारून बघा, अँटिक म्हणजे किती वर्षांची? प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका २५ वर्षांवरची गाडी चालवून घेतो. फिव्हा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना ३० वर्षं म्हणते. वर गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि रोजच्या वापरातली नको, ही तिची अट. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे ती १९८७ची मारुती अमेरिकेत केव्हाच अँटिक झाली, फिव्हाच्या लेखी ऐतिहासिक ठरू शकते आणि आपल्या आरटीओच्या लेखी नुसतीच म्हातारी. पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाला मिळाली. त्या पहिल्या गाडीलासुद्धा आपल्या नियमाने २०३३पर्यंत थांबावं लागेल.

या ५० वर्षांच्या नोंदणीचं लोकांना फार अप्रूप असतं. राज्याच्या अक्षरांपुढे "व्हीए" असलेला खास नंबर, २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत. पण त्या नंबराची गाडी रोजच्या वापरात चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. रविवारी पहाटे बायकोला घेऊन लोणावळ्याला भजी खायला जायचं असेल, तर हा नंबर म्हणजे गळ्यातलं लोढणं. माझ्या मते हौशी माणसाने साध्या नोंदणीवरच राहावं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा. वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी २०२५पासून १०,००० रुपये झाली आहे. बोचते, पण गाडी तुमच्या मर्जीने फिरते.

राहिला दुसरा आक्षेप, की मारुती ही साधी गाडी, ती काय जपायची. आज जिला बघून सगळे टोप्या काढतात ती फोर्ड मॉडेल टी कोणाची होती? १९०८ ते १९२७ दरम्यान दीड कोटी बनल्या, शेतकऱ्यांनी शेणखत वाहिलं त्यांच्यातून. महाराजांच्या रोल्स रॉइसना कायम गॅरेज होतं, ड्रायव्हर होता, त्या टिकणारच होत्या. साध्या गाडीला कोणी जपत नाही, म्हणून ती आधी संपते. इंग्लंडमध्ये २०१४पासून मुद्दाम अतिसामान्य गाड्यांचा मेळा भरतो, कारण एकेकाळी गल्लोगल्ली दिसणाऱ्या कितीतरी मॉडेल्स तिथे आता शोधाव्या लागतात.

डुक्कर फियाट

दिसायला तिघींत हीच राणी, वाद नाही. गोल नाक, फुगीर पाठ आणि उलटे उघडणारे पुढचे दरवाजे. सोसायटीत आणलीत तर वॉचमनसकट सगळा मजला खाली येईल. नाव जरा हिणवणारं आहे, पण ते प्रेमाने पडलेलं. रॅलीत हिला कोणी "इथे कशाला आणली" विचारत नाही, आणि पन्नाशी पार केलेली असल्याने व्हीए नंबरही मिळू शकतो.

इंजिन पद्मिनीच्याच घराण्यातलं, १०८९ सीसी, त्यामुळे यंत्राचं फार अडत नाही. अडतं ते पत्र्याचं, काचांचं, रबरी पट्ट्यांचं आणि क्रोमचं. बंपर बनवून घ्यावा लागतो, मागची काच तडकली तर काच शोधण्यात वर्ष जातं. कागद हा दुसरा घोळ. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा गेलेले, वारस तिघे आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, नुसत्या विक्रीच्या २९-३० नंबरच्या फॉर्मने काम होत नाही. "एजंट करून देईल" म्हणणाऱ्याला आधी करून दाखव म्हणा, पैसे नंतर.

घरातलीच असेल, काकांची किंवा सासऱ्यांची, तर डोळे मिटून ठेवून घ्या. पहिलीच हौस म्हणून बाजारातून विकत घेऊ नका. एक पार्किंग आणि एक पगार असलेल्या माणसाकडे ही गाडी दोन वर्षं कव्हरखाली उभी राहते, मग विकली जाते. असे तीन जण मी पाहिले.

पद्मिनी

इथे माझा हात सैल सुटणार.

मुंबईसाठी हिच्याइतकी घरची गाडी दुसरी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना घातला. त्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. आमच्या वडिलांच्या वेळी फियाटचा (पद्मिनीलाही सगळे फियाटच म्हणत) नंबर लागायला वर्षं जात. नंबर लागला की पेढे वाटत. मग टॅक्सी म्हणून तिने या शहराच्या तीन पिढ्या वाहिल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ला झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सिग्नलला माझ्या गाडीशेजारी बाइक थांबवून लोकांनी फोटो काढले. आदल्या महिन्यात तेच लोक मागून हॉर्न मारत होते.

मला वाटतं, "नव्या, साध्या गाड्या या छंदात बसतात का" याचं उत्तर त्या आठवड्यातच मिळालं. पद्मिनी बदलली नव्हती. फक्त दिसेनाशी झाली होती.

चालवायला मजा आहे, पण शिकावी लागते. स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर, पॉवर नाही, एसी बहुतेकींना नाही. मेच्या दुपारी सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा आणि आपला काटा बरोबरच चढतात. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, टोपीला ओल लागली की गाडी बसते. माझ्या डिकीत कायम एक जुनं बनियन असतं. टोपी काढायची, आतून कोरडी पुसायची, सेल्फ मारायचा. पुलाखाली उभं राहून हे इतक्या वेळा केलंय की आता छत्रीसुद्धा लागत नाही.

सामान मिळतं. कुर्ल्यात, चोर बाजारात, फियाटवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींकडे. खरी चणचण मिस्त्रींचीच. माझे मिस्त्री सत्तरीचे आहेत, त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. पद्मिनी घेण्याआधी मिस्त्री शोधा, शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर.

घेताना एक सावधगिरी. बाजारातली "वन ओनर, प्रायव्हेट" पद्मिनी कधीकधी माजी टॅक्सी असते. दरवाजा उघडून बिजागरीच्या आतल्या कोपऱ्यात नख मारा, क्रीम रंगाखाली काळा निघाला तर समजा. डिकीचा गालिचा उचला. सीएनजी टाकीच्या पट्ट्यांसाठी पाडलेली भोकं बुजवलेली दिसतील. टॅक्सी असणं पाप नाही, पण भाव प्रायव्हेटचा देऊ नका.

आणि पत्रा. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस यांत पद्मिनीचा तळ पायाखालून जातो. मी घेतली तेव्हा एका डेंटरने नवा पत्रा मारल्याचं सांगून सडक्या पत्र्यावरच पुट्टी थापली होती. दुसऱ्या पावसाळ्यात क्लच दाबताना टाच खाली गेली आणि मला रस्ता दिसला.

मारुती ८००

आता हसण्याची गोष्ट. एका रॅलीच्या सकाळी मी मित्राच्या १९८६च्या मारुतीत बसून गेलो होतो. फाटकावरच्या कार्यकर्त्याने "पार्किंग मागे आहे" म्हणून बोट दाखवलं. त्याला वाटलं आम्ही बघ्ये. मित्र गाडी मागे लावून आला आणि तासाभराने आम्ही परत गेलो तेव्हा गाडीभोवती सात-आठ जण उभे होते. एक साठीच्या बाई काचेला डोळे लावून आत चोक शोधत होत्या. सापडल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते ना, ओढायचा होता!" तिकडे रोल्स रॉइसभोवतीचे लोक फोटो काढत होते. इकडचे बोलत होते.

७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना जोर, बारा इंची टायर. सकाळी चोक ओढा, चालू. तापत नाही, पुलाखाली बनियन लागत नाही. इंजिनचं सामान अजून सहज मिळतं, कारण उत्पादन थेट २०१४पर्यंत चाललं आणि याच इंजिनाची भावंडं ओम्नीतही होती. मिस्त्री? कोणताही. खर्च तिघींत सगळ्यात कमी.

मग अडचण कुठे? अडचण ही की मूळ रूपातली मारुती सापडतच नाही. स्वस्त गाडी, म्हणून कोणी जपली नाही. ड्रायव्हिंग स्कूलने हाणली, कोणी गॅस किट बसवलं, कोणी स्पॉयलर, कोणी जांभळा रंग. उरलेल्या स्क्रॅप धोरणात गेल्या. १९८३ ते ८६चं पहिलं मॉडेल तर आता दिसलं तर मी मान वळवून बघतो. त्याची ग्रिल, मागचे दिवे, आतलं कापड यांसाठी डुक्कर फियाटच्या मालकाइतकीच वणवण होते. म्हणून घ्यायची तर न छेडलेली घ्या. धावली जास्त असली तरी चालेल, सीटकव्हरखाली मूळ कापड हवं. रंग उडालेली पण कंपनीचाच रंग असलेली मारुती ही नव्या चकचकीत रंगाच्या मारुतीपेक्षा मला जास्त मोलाची वाटते.

हिचाही पत्रा पातळ. दरवाजांचा तळ, डिकीच्या झाकणाची खालची कड आणि बोनेट उघडल्यावर शॉकअब्सॉर्बर जिथे बोल्ट होतात ती जागा, एवढं बघाच. शेवटची जागा सडली असेल तर गाडी सोडा, कितीही गोड दिसली तरी.

हिच्या विरोधात प्रामाणिकपणे बोलायचं तर दोन गोष्टी. चालवताना "आपण काहीतरी वेगळं चालवतोय" ही भावना पद्मिनीइतकी येत नाही. जरा गोंगाटाची साधी गाडी वाटते. आणि जुन्या वळणाच्या मंडळींत पुढची काही वर्षं तुम्हाला फाटकावरूनच मागे पाठवतील. हे सहन होत नसेल तर पद्मिनी घ्या.

तिघींनाही लागू

पेट्रोल. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी यातली एकही बनलेली नाही. जुने रबरी पाइप मऊ पडतात, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर उभ्या राहिलेल्या माझ्या गाडीचं कार्बोरेटर उघडलं तर वाटीच्या तळाशी पांढरट चिकट थर होता. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात पाइप इथेनॉल चालणारे टाकून घ्या, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि दर आठवड्याला इंजिन गरम होईपर्यंत फिरवून आणा. नुसतं जागेवर चालू करून बंद करू नका.

आच्छादन प्लास्टिकचं नको. खाली वाफ धरते आणि पत्रा आतून सडतो.

आणि पार्किंगच नसेल तर? मग चारचाकीचा नाद सोडा आणि भांडुपच्याच एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर शोधा. पन्नास वर्षांचा तो नियम दुचाकीलाही लागू आहे, जिन्याखाली मावते, आणि बायको "हे काय आणलंस" एवढंच म्हणते.

पुतण्याने मारुती बघायला रविवारची वेळ घेतली आहे. मी त्याला सांगितलंय की मालकाला आधीच फोन करून गाडी चालू करून ठेवू नका म्हणावं, थंड इंजिन बघायचंय. बरोबर टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जुनी चादर न्यायची. चादर अंथरून गाडीखाली जायचं, चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. आरसी बुकावरचा चासी नंबर स्वतः वाचून ताडून बघायचा, मालकाच्या तोंडून ऐकून नाही. मी पण येतोय म्हणालो. पद्मिनीनेच जाऊ, पाऊस नसला तर.