ब्रिलियंट ब्लू जी : रंग उत्तम, माहितीपत्रक अपुरे

मॅक्युलर होलच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी पडलेल्या छिद्राच्या, शस्त्रक्रियेत दृष्टिपटलावरचे आयएलएम (इंटर्नल लिमिटिंग मेम्ब्रेन) हे पारदर्शक पटल सोलून काढावे लागते. ते अवघे दोन-तीन मायक्रॉन जाडीचे असल्यामुळे रंग दिल्याशिवाय फोर्सेप्स (चिमटा) नेमका कुठे टेकवावा हे सूक्ष्मदर्शकातूनही उमगत नाही. त्यासाठी मी ०.०२५ टक्के ब्रिलियंट ब्लू जीची भरून येणारी सिरिंज वापरतो, आणि या कामाला याहून भरवशाचा रंग माझ्या पाहण्यात नाही.

थोडे द्रावण सोडून लगेच धुऊन काढले तरी पटल फिकट निळे होते. कड उचलून गोलाकार सोलू लागले की मोकळा झालेला भाग रंगहीन आणि उरलेला निळा, अशी स्पष्ट सीमा दिसते. एपिरेटिनल मेम्ब्रेन, म्हणजे दृष्टिपटलावर वाढणारा वेगळा पापुद्रा, मात्र हा रंग नीट धरत नाही. तिथे ट्रिपॅन ब्लू हा दुसरा रंग सरस ठरतो.

रंग किती उठतो यापेक्षा तो मागे काय ठेवून जातो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. २००० च्या सुमारास याच कामासाठी इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य आले. ते पटल छान रंगवत असे, पण पुढे काही रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रात दोष आढळले आणि प्रयोगशाळेत दृष्टिपटलाखालच्या रंजक पेशींना इजा होताना दिसली. त्यात रंगाचे प्रमाण, द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (त्यात विरघळलेल्या कणांची तीव्रता) आणि डोळ्यात सोडलेला प्रकाश या सगळ्यांचा हात होता. म्हणून चाचणी नुसत्या रंगाची करून भागत नाही. जे द्रावण डोळ्यात जाणार तेच, तितकाच वेळ, शस्त्रक्रियेतल्या दिव्याखाली पेशींवर ठेवून पाहिले पाहिजे. आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकानुसार जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले, तर पदार्थ पेशींना घातक मानला जातो. ही पायरी आवश्यक आहे, परंतु बशीतल्या पेशींना दिसत नसते. म्हणून प्राण्यांच्या डोळ्यांवरील ईआरजी (प्रकाशाला दृष्टिपटल देत असलेल्या विद्युत प्रतिसादाची नोंद) आणि ऊतकतपासणीशिवाय माझे समाधान होत नाही.

निर्जंतुकतेचे महत्त्वही तेवढेच. २०११-१२ मध्ये अमेरिकेत एका कंपाउंडिंग फार्मसीने (मागणीनुसार औषधे तयार करून देणाऱ्या औषधालयाने) बनवलेल्या याच रंगातून रुग्णांच्या डोळ्यांत बुरशीचा संसर्ग झाला; तेथील एफडीएने (औषध नियामक संस्थेने) तयार द्रावणाला मान्यता दिली ती डिसेंबर २०१९ मध्ये.

माझी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यावर रंगाचे प्रमाण छापलेले असते, परंतु त्या बॅचची शुद्धता, ऑस्मोलॅरिटी आणि पीएच नसतो. म्हणून प्रत्येक बॅचचे तपासणी प्रमाणपत्र मी मागवून घेतो आणि ते हाती आल्याशिवाय त्या बॅचची सिरिंज उघडू देत नाही.