खाऱ्या पाण्यातील पांढरे ठिपके आणि कॉपरचा उपचार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून या जूनपर्यंत मी खाऱ्या पाण्यातील माशांवर तीन वेळा कॉपरचा (तांब्याच्या औषधाचा) उपचार केला. एकदा आजारी माशांवर आणि दोनदा नव्याने आणलेल्या माशांवर, घरातल्या मुख्य, मोठ्या टाकीत सोडण्यापूर्वीची खबरदारी म्हणून. त्यासाठी तीन वस्तू घेतल्या होत्या: चिलेटेड कॉपरच्या द्रावणाची बाटली, पाण्यातील कॉपर मोजणारे मुठीत मावणारे डिजिटल उपकरण आणि २४ × १२ × १५ इंचांची साधी काचेची टाकी. ओळखीतले सगळे बाटलीबद्दल विचारतात, परंतु पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते मोजणीच्या उपकरणात, आणि तसे का वाटते ते सांगण्यासाठीच हा मजकूर लिहीत आहे.

सुरुवात माझ्याच उतावळेपणाने झाली. हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग हा मासा दिसायला जितका देखणा, तितकाच पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडणारा, हे ठाऊक असूनही मी तो दुकानातून आणला आणि त्याच संध्याकाळी मोठ्या टाकीत सोडला. पाचव्या दिवशी त्याच्या परांवर आणि पाठीवर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसू लागले आणि तो दगडांना अंग घासू लागला. दुकानदाराने पाण्याचे तापमान वाढवायला सांगितले आणि प्रवाळांना अपाय न करणारी म्हणून एक बाटली दिली. ती ओतल्यानंतर चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले आणि मी निश्चिंत झालो. आठवडाभराने ते दुपटीने परतले, या वेळी दोन्ही क्लाउनफिशांवरही, आणि सहा रेषांच्या रॅस माशाने अन्न सोडले. तो तिसऱ्या दिवशी मेला.

ते ठिपके औषधाने गेले नव्हतेच. ते आपल्या वेळेला गळून पडले होते. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो, आणि गोड्या पाण्यातील इच या तशाच ठिपक्यांच्या रोगाशी त्याचे नाव जोडले जात असले तरी तो जीव वेगळा आहे. त्यामुळे गोड्या पाण्यातले तापमान वाढवण्याचे आणि मीठ टाकण्याचे उपाय इथे लागू पडत नाहीत. माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली तो साधारण तीन ते सात दिवस पोसला जातो. त्या अवस्थेत पाण्यात मिसळलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग तो मासा सोडून खाली उतरतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात. बहुतेक कोष तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, काही त्याहून कितीतरी अधिक काळ टिकल्याची नोंद आहे. बाहेर पडणारी पिल्ले प्रामुख्याने रात्रीच्या उत्तरार्धात, अंधारात सुटतात, म्हणजे मासे दगडांच्या कपारीत निजलेले असतानाच, आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. कॉपर मारते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे: पाण्यात पुरेसे कॉपर अखंड असले पाहिजे, कारण कोष कधी फुटेल हे आपल्या हाती नसते.

मोठ्या टाकीत कॉपर टाकता येत नाही. ते कोळंब्या, गोगलगायी, संन्यासी खेकडे आणि प्रवाळ यांना मारते. शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पातळी टिकत नाही. म्हणून वेगळी टाकी, आणि तीही उघडी: तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसीच्या पाइपचे तुकडे आणि एल्बो, एक हीटर आणि मोठ्या टाकीच्या संपमध्ये (तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) दीड महिना ठेवून जिवाणू बसलेला स्पंज फिल्टर. हा स्पंज मी पूर्वीपासून संपमध्ये टाकून ठेवला होता, हा या सगळ्या प्रकरणातला माझा एकमेव शहाणपणा. स्पंज मोठ्या टाकीत परत जाणार नसल्याने त्याला कॉपर लागले तरी चिंता नव्हती.

मात्रेचा हिशेब करताना पहिला धडा मिळाला. टाकीच्या मापावरून तिची क्षमता सुमारे ७० लिटर निघते, पण मी बादलीने मोजून पाणी ओतले तेव्हा काठापासून बोटभर खालपर्यंत, आतल्या वस्तूंसह, ६० लिटरच मावले. ७० लिटरच्या हिशेबाने लिटरला २ मिलिग्रॅमची मात्रा टाकली असती, तर प्रत्यक्षात ती २.३ च्या पुढे गेली असती. दुसरा धडा बाटल्यांवरच्या आकड्यांचा. सगळी कॉपरची औषधे एकाच मापात बसत नाहीत. क्युप्रामीन या औषधाचे लक्ष्य लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, तर कॉपरसेफसारख्या चिलेटेड द्रावणांचे १.५ ते २. चिलेटेड कॉपर म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेले कॉपर. ते पाण्यात अधिक काळ टिकते आणि माशाला सोसायला सोपे जाते, म्हणून त्याचा आकडा मोठा. एका बाटलीचा आकडा दुसऱ्या बाटलीसाठी वापरला, तर एकतर परजीवी मरत नाही किंवा मासा मरतो.

माझी बाटली चिलेटेड प्रकारची होती आणि मी पातळी पाच दिवसांत थोडी थोडी वाढवत २ पर्यंत नेली. दिवस मोजायला सुरुवात त्या पाचव्या दिवसापासून केली, पहिला थेंब टाकल्यापासून नव्हे, आणि तिथून पुढे तीस दिवस पातळी टिकवायची असे ठरवले.

आता उपकरणाविषयी. आधी माझ्याकडे रंग जुळवून पाहायचा थेंबांचा संच होता, आणि त्यातल्या हिरव्या-निळ्या छटांमध्ये १ आणि २ यांच्यामधले नेमके काय ते ट्यूबलाइटखाली मला कधीच उमगले नाही. काही संच फक्त मुक्त, म्हणजे न बांधलेले कॉपर मोजतात आणि चिलेटेड कॉपरचा आकडा खूप कमी दाखवतात, हेही मला उशिरा कळले. डिजिटल उपकरणात १० मिलिलिटर पाण्याची कुपी ठेवून शून्य करायचे, पाकिटातली चाचणीची पूड टाकून हलवायचे आणि काही सेकंदांनी आकडा वाचायचा. ते ० ते ५ मिलिग्रॅमपर्यंत मोजते आणि दोन दशांश स्थळे दाखवते, पण त्या दशांशांवर फार भाळू नये: माहितीपत्रकानुसार त्याची अचूकता ०.०५ अधिक वाचनाच्या पाच टक्के एवढी आहे, म्हणजे पडद्यावर २.०० दिसत असताना खरा आकडा १.८५ ते २.१५ यांपैकी कोणताही असू शकतो. म्हणून मी पुढे २.१ ते २.२ वर स्थिर राहिलो. कुपीवर बोटांचे तेल किंवा आत एखादा बुडबुडा राहिला, तर आकडा सरळ ०.२ ने वर जातो. स्वच्छ सुती कापडाने पुसल्याशिवाय मी आता कुपी आत ठेवत नाही. खरी कटकट पुडीची. प्रत्येक मोजणीला एक पाकीट लागते आणि पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दोनदा मोजत होतो.

या मोजणीनेच दोन वेळा वाचवले. पहिल्यांदा, मी अमोनिया चढल्यामुळे १५ लिटर पाणी बदलले आणि नव्या पाण्यात कॉपर मिसळायचे विसरलो. संध्याकाळी आकडा १.५ वर आला होता, आणि हे मला दुसऱ्या दिवशी नव्हे तर त्याच रात्री कळले. तेव्हापासून बदलायचे पाणी आधीच त्याच पातळीचे करून ठेवतो. दुसऱ्यांदा उलटे झाले: बाष्पीभवनाने पाणी घटत गेले, कॉपर मागे राहिले आणि आकडा २.४ ला टेकला. आरओचे गोडे पाणी घालून तो खाली आणला. अमोनिया बांधून ठेवणारी द्रव्ये मात्र कॉपरबरोबर अजिबात वापरू नयेत. त्यांतील क्षपणक रसायने कॉपरचे रूप बदलतात आणि ते माशासाठी अधिक विषारी होते. अमोनियावर उपाय पाणी बदलणे हाच.

माशांचा अनुभव सारखा नव्हता. क्लाउनफिशांना काही झाल्याचे जाणवलेच नाही. टँगने पहिले नऊ दिवस जवळजवळ काही खाल्ले नाही. कॉपर भूक मारते हे वाचले होते, तरी रोज नोरीची (समुद्री शेवाळाची) पट्टी तशीच्या तशी काढून टाकताना धीर सुटत असे. दहाव्या दिवशी त्याने एक कोपरा कुरतडला.

सगळ्यात कठीण भाग औषधाचा नव्हताच, तो रिकाम्या टाकीचा होता. कोष तग धरू शकतात म्हणून मोठी टाकी ७६ दिवस माशांवाचून ठेवायची असा सर्वसाधारण नियम आहे. नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवाणखान्यात दिवे, पंप, स्किमर (पाण्यातला कचरा फेसातून काढणारे यंत्र) सगळे चालू आणि आत दोन कोळंब्या व काही गोगलगायी. घरी आलेला प्रत्येक पाहुणा मासे कुठे आहेत असे विचारी, आणि ते आजारी असल्यामुळे आतल्या खोलीत आहेत या उत्तरावर आईचे हसू आवरत नसे. एका टाकीतला हात ओला असतानाच दुसऱ्या टाकीत घालायचा नाही, जाळी आणि नळ्या वेगळ्या ठेवायच्या, हे तिलाही पाठ झाले.

मार्चमध्ये आणलेल्या कोरल ब्यूटी या खुज्या एंजलफिशने या औषधाच्या मर्यादा दाखवल्या. खुजे एंजलफिश कॉपरबाबत नाजूक म्हणून मी पातळी दहा दिवसांत चढवली, पण पूर्ण पातळीवर आल्यानंतरही त्याचे डोळे धुरकट होत गेले आणि तो अंग घासतच राहिला. त्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात त्याला पाच मिनिटे ठेवले, तेव्हा भांड्याच्या तळाशी तिळासारखे पांढुरके चपटे कृमी पडलेले दिसले. ते फ्लूक, आणि कॉपरचा त्यांच्यावर प्रभाव नसतो. त्यासाठी प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा, म्हणजे अंड्यांतून नंतर बाहेर पडणारे कृमीही सापडतात. क्लाउनफिशांना होणाऱ्या ब्रुकलिनेला या परजीवी रोगावरही कॉपर चालत नाही, तिथे सहसा फॉर्मालिन वापरतात. व्हेल्व्हेट या आणखी एका परजीवी रोगावर मात्र कॉपर चालते, पण तो रोग काही दिवसांतच मासा मारतो, त्यामुळे पाच-दहा दिवस पातळी चढवत बसण्याची चैन तेव्हा करता येत नाही. थोडक्यात, आधी रोग ओळखा आणि मग बाटली उघडा; मी तसे केले नाही आणि कोरल ब्यूटीने दोन आठवडे विनाकारण सोसले.

मे महिन्यातील दोन फायरफिशांच्या वेळी सगळे इतके सुरळीत झाले की लिहिण्यासारखे काही नाही. वीज दोनदा गेली आणि बॅटरीवरच्या हवेच्या पंपाने स्पंज चालू ठेवला, एवढेच.

आज मोठ्या टाकीत टँग, दोन क्लाउनफिश, कोरल ब्यूटी आणि फायरफिश आहेत, आणि फेब्रुवारीपासून एकही ठिपका दिसलेला नाही. औषधाची बाटली अजून अर्धी शिल्लक आहे. पुडीची पाकिटे मात्र सातच उरली आहेत, आणि ती मागवून हातात येईपर्यंत दुकानात पाऊल ठेवायचे नाही असे घरात ठरले आहे.