तोटीचे पातेले, तांब्याचे वेटोळे आणि लोणच्याची बादली

गेल्या मे महिन्यात जवळच्या बाजारपेठेतील एका भांड्यांच्या दुकानातून मी घरी जिंजर बीअर बनवण्यासाठी लागणारा संच सांगून करवून घेतला. तळाशी तोटी बसवलेले वीस लिटरचे स्टीलचे पातेले, आल्याचा उकळलेला काढा झटपट निवावा म्हणून तांब्याच्या नळीचे वेटोळे आणि झाकणाला वायू जाण्यासाठी नळी बसवलेली आंबवण्याची बादली, अशा त्यात तीन वस्तू होत्या आणि सगळ्यांचे मिळून ५,२०० रुपये झाले. देवगडच्या खाऱ्या हवेत एक अख्खा पावसाळा आणि दहा-दहा लिटरच्या चौदा खेपा काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या निम्म्या दुकानदाराने हसतमुखाने निस्तरूनही दिल्या आहेत.

एक खुलासा आधीच करायला हवा. हा संच बीअर बनवणाऱ्या हौशी लोकांच्या संचाची नक्कल आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बीअर घरी बनवायला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने तशी मोकळीक दिली, आणि त्या दोन्ही देशांतील हौशी मंडळींनी स्वयंपाकघरातल्या पातेल्या-बादल्यांतून उपकरणे उभी करण्याची कला चांगलीच पुढे नेली. जहाजावरच्या नोकरीत एका इंग्रज सहकाऱ्याच्या घरी मी ती पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात किडा होता. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे बीअरला लागणारे माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) आणि हॉप्स (कडवट चवीची फुले) यांच्या वाटेला मी जात नाही. आले, साखर, लिंबू आणि पावाचे यीस्ट एवढ्यावर बनणारे हे पेय मी फेस धरेपर्यंतच आंबवतो आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवतो. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा ग्रॅम अल्कोहोल तयार होते. लिटरमागे आठ ग्रॅम साखर खर्ची पडली की जिभेला चुरचुरण्यापुरता वायू मिळतो आणि अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. तेवढा अंशही ज्यांना वर्ज्य आहे त्यांच्यासाठी हे पेय नाही, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना मी ते सांगूनच देतो.

आता पातेले. दुकानदाराने ते माझ्यासमोर ठेवले, खिशातून लोहचुंबक काढून पातेल्याला लावून दाखवले, ते चिकटले नाही, आणि तो म्हणाला, "बघा काकानू, चुंबक धरना नाय. ह्येका गंज धरूचो नाय." मीही मान डोलावली, आणि इथेच फसलो. चुंबक न चिकटणे ही निकेल जास्त असलेल्या, सहसा न गंजणाऱ्या ३०४ दर्जाच्या स्टीलची खूण आहे असा सार्वत्रिक समज आहे. पण निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वाढवलेले स्वस्त २०२ दर्जाचे स्टीलही चुंबकाला धरत नाही. घाटावरच्या कोरड्या हवेत २०२ चे भांडे वर्षानुवर्षे चकचकीत राहील, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला हा फरक पहिल्याच पावसाळ्यात कळतो. ऑगस्टच्या सुमारास तोटीच्या वेल्डिंगभोवती बोटाने चाचपता येतील असे तपकिरी ठिपके उमटले, घासले की जात आणि चार दिवसांनी पुन्हा येत. पातेल्याच्या पत्र्याची जाडी मात्र उत्तम आहे, तळ कुठेही करपत नाही आणि कान मजबूत आहेत. थोडे जास्त पैसे मोजून बिलावर ३०४ लिहून घेतले असते, तर या परिच्छेदात लिहिण्यासारखे काही उरले नसते.

तोटीची गोष्ट जरा लांब आहे. पातेल्याला भोक पाडून त्यात पितळी कॉक बसवणे हे काम दुकानदाराने शेजारच्या प्लंबरकडे दिले आणि त्याने ते छपरावरच्या टाकीला नळ बसवावा तसे, आट्यांवर धागा गुंडाळून आणि वर सफेदा फासून, इमानेइतबारे केले. टाकीसाठी हे ठीक आहे. आल्याचा काढा तासभर उकळणाऱ्या भांड्यात मात्र सफेदा नको आणि ओलावा धरून बसणारा धागा तर मुळीच नको. पहिल्या खेपेला रंगाच्या डब्यासारखा वास आला तेव्हा मी तोटी खोलली, तर आत तो सगळा लगदा भिजून पांढरट झालेला दिसला. दहा लिटर काढा परसात ओतला. दुकानदाराला दाखवल्यावर त्याने वाद न घालता स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह (आत फिरणारा गोळा असलेली तोटी) दिला आणि आट्यांवर नुसती टेफ्लॉन टेप लावून तो बसवला. तेव्हापासून गळती नाही. तरीही हा व्हॉल्व्ह दर दोन खेपांनंतर पूर्ण सुटा करून उकळत्या पाण्यात टाकावा लागतो, कारण गोळ्याच्या मागच्या फटीत साखरेचा पाक साचतो आणि तिथे आंबूस वास धरतो. ज्यांना हा उपद्व्याप नको, त्यांनी बिनतोटीचे पातेले घेऊन ओगराळ्याने काढा काढावा. मला तर आता वाटते की दहा लिटरसाठी तोटीची गरजच नव्हती.

तांब्याचे वेटोळे ही या संचातली एकमेव वस्तू, जिच्यासाठी मी पुन्हा त्या दुकानात जाईन. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते ती तीन सुती मऊ नळी, पंचवीस फूट, दुकानामागे बसणाऱ्या एका वयस्क कारागिराने माझ्या डोळ्यांदेखत वळवली. त्याने आधी सुकी बारीक वाळू नळीत थोडी थोडी भरून ठोकून बसवली, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या, आणि मग माडाच्या खोडाच्या एका जुन्या ओंडक्याभोवती ती इतक्या सावकाश फिरवत नेली की पंचवीस फुटांत एकही दबकी आली नाही. वाळू काढायला अर्धा तास लागला. एका बाजूने फुंकायचे, दुसऱ्या बाजूने लाकडी हातोडीने टकटक करायचे. नळीची दोन्ही टोके त्याने, मी न सांगता, पातेल्याच्या काठावरून बाहेर खाली वळवली. विचारल्यावर उत्तर आले, "गळलाच तर भायर गळांदे." रबरी पाइपचा जोड सुटला तर विहिरीचे पाणी काढ्यात न पडता जमिनीवर पडावे, ही बाब परदेशी पुस्तकांत ठळक अक्षरांत छापलेली असते.

वापरण्यापूर्वी नळीवरचा मळकट थर काढणे आवश्यक आहे. मी ती आमसुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी नव्या पैशासारखी निघाली. आंबटाने तांबे असे सुटते, म्हणूनच एक पथ्य पाळावे लागते: लिंबाचा रस वेटोळे बाहेर काढल्यावरच घालायचा. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत कळकतो हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते, आणि कळकलेली जिंजर बीअर कळकलेल्या ताकापेक्षा वाईट लागते.

वेटोळ्याची कामगिरी मोजून पाहिली. पंपाने विहिरीचे पाणी सोडल्यावर दहा लिटर उकळता काढा बारा मिनिटांत ४५ अंशांवर आला, पण पुढे ३२ अंशांपर्यंत पोचायला आणखी वीस मिनिटे लागली. याचा दोष कारागिराकडे जात नाही. निववणारे पाणी जितके थंड, त्याच्या खाली काढा जाऊच शकत नाही, आणि आमच्या विहिरीचे पाणीच २७ अंशांचे आहे. पहिली पाच-सहा मिनिटे नळीतून बाहेर पडणारे पाणी हात पोळेल इतके गरम असते, ते भांडी घासायला ठेवावे. नंतरचे कोमट पाणी मी पोफळींना सोडतो.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देतो. थंड देशांतल्या मंडळींनी दिलेले सल्ले इथे डोळे मिटून पाळू नयेत. बादलीभोवती ओले फडके गुंडाळून पंखा लावला की ती चार-पाच अंशांनी थंड होते, असे मला त्या इंग्रज सहकाऱ्याने शिकवले होते. जुलैमधल्या कोकणात ते फडके तीन दिवस ओलेच राहिले आणि चौथ्या दिवशी त्यावर काळी बुरशी आली. हवेतच इतकी आर्द्रता असते की पाण्याची वाफ होऊन गारवा मिळण्याची शक्यता फारशी उरत नाही. त्याऐवजी जुन्या घंगाळात पाणी भरून त्यात बादली ठेवायची आणि बर्फ झालेली एक बाटली पाण्यात सोडायची, हा उपाय लागू पडला, अर्थात वीज असेल त्या दिवशी. खरी बीअर बनवणाऱ्यांचे एल जातीचे यीस्ट १८ ते २२ अंशांत खुश असते. पावाचे यीस्ट तीस अंशांतही कुरकुर करत नाही, उलट फारच घाई करते.

बादलीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण रागाने जास्त लिहिले जाईल. तिच्या तळाशी अन्नासाठी सहसा वापरल्या जाणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची खूण असलेला पाचाचा त्रिकोण आहे, झाकण घट्ट बसते, झाकणातल्या भोकात सलाईनची नळी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले, ही योजनाही बरोबर आहे. वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो आणि पावसाळ्यातली चिलटे आत शिरत नाहीत. पण ही बादली पूर्वी कैरीच्या लोणच्याची होती. प्लॅस्टिक वास सोडत नाही. सोडा, ऊन, लिंबू असे सगळे उपाय थकल्यावरही आंबवलेल्या पहिल्या तीन खेपांना हिंग आणि मोहरीची अशी काही पाठराखण होती की घरच्यांनी पेयाचे नाव "खारातली बीअर" ठेवले. दुकानदाराने बदलून दिली नाही. म्हणाला, धुऊन जाईल. नवी बादली ३५० रुपयांना दुसरीकडे मिळाली. बंदरावर मिठाचे मासे ठेवलेले निळे पिंप स्वस्तात मिळते, त्याचा तर विचारही करू नये.

संचासोबत दुकानदाराने एक लॅक्टोमीटर फुकट दिला आणि तो थट्टेत घेतलेला नजराणा सर्वांत उपयोगी ठरला. दूधवाल्याचे पाणी पकडणारे हे उपकरण घनताच मोजते. लिटरमागे ८० ग्रॅम साखरेचा काढा माझ्याकडे त्यावर ३० च्या आसपास दाखवतो, आणि बादलीत पाच-सहा तास राहून यीस्ट जागे झाले की मी बाटल्या भरतो. एक बाटली चाचणीसाठी वेगळी ठेवतो, तिच्यातला वायू ढवळून घालवतो, आणि काटा २६ वर आला की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये जातात. उकाड्यात यासाठी एक रात्र पुरते.

बाटल्या सोड्याच्या प्लॅस्टिकच्याच घ्याव्यात. दाबून पाहिल्यावर दगडासारखी लागली की फ्रीजमध्ये, एवढे सोपे मोजमाप काचेत मिळत नाही. चौथ्या खेपेला मी हौसेने दोन काचेच्या बाटल्या भरल्या, त्यांतली एक पहाटे माजघरात फुटली आणि शेजारी चोर आला समजून काठी घेऊन धावले. यात दुकानाची काही चूक नाही.

हाच संच पुन्हा घ्यायचा झाला तर मी पातेले बिनतोटीचे आणि ३०४ लिहिलेल्या बिलासह घेईन, बादली नवीकोरी घेईन, आणि वेटोळ्यासाठी त्याच कारागिरासमोर बसेन. पातेल्याचा गंजका सांधा दिवाळीनंतर अर्गॉन वेल्डिंगने नव्याने करून देण्याचे दुकानदाराने कबूल केले आहे. पातेले त्याच्याकडे नेऊन ठेवले आहे. वेटोळे मात्र घरीच खुंटीला टांगले आहे.